बाहेरच्या कोडला कोणाची नावं दिसतात?

पेणजवळच्या जोहे-हमरापूरहून रंग न दिलेल्या कच्च्या गणेशमूर्ती गावोगाव जातात. घडण इथली, रंग मात्र मूर्ती पोचेल त्या कारखान्यातला. जावास्क्रिप्टमध्ये बाहेरून आलेला कोड ‘इव्हॅल’ने, म्हणजे मजकूरच कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनने, चालवला की हेच घडतं. मजकूर दुसऱ्याचा, पण त्यातल्या नावांना किंमत मिळते ती चालवणाऱ्याच्या घरातली.

या सवयीचं मूळ लिस्पमध्ये आहे. जॉन मॅकार्थी यांचा इव्हॅल मांडणारा निबंध 1960 साली प्रसिद्ध झाला. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम 704वर चालतं केलं. त्या लिस्पमध्ये फंक्शनला अनोळखी नाव भेटलं की शोध बोलावणाऱ्याकडे सुरू होई. अल्गोल 60ने उलट वाट धरली: नाव जिथे लिहिलं, तिथल्या ब्लॉकवरून त्याचा अर्थ ठरेल. 1975 मध्ये सस्मन आणि स्टील यांच्या स्कीमने हा नियम लिस्पच्या घराण्यात आणला.

मे 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. फंक्शनं स्कीमच्या वळणाची, पण सोबत इव्हॅलही आलं. फंक्शनच्या आत इव्हॅल केलेला ‘व्हार’ त्याच फंक्शनमध्ये नवं व्हेरिएबल निर्माण करी. वाचून कळणारी हद्द चालताना मोडे. पुढे तर जेसन या डेटा-स्वरूपातला साधा मजकूरही लोक इव्हॅलमध्येच घालत.

डिसेंबर 2009च्या ईसीएमएस्क्रिप्ट 5 या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाने हद्दीचे खांब रोवले. स्ट्रिक्ट मोड या कडक नियमांच्या पद्धतीत इव्हॅलचा व्हार आतच राहू लागला. इव्हॅल दुसऱ्या नावाने बोलावलं, तर कोड ग्लोबल स्कोपमध्ये, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या नावांच्या हद्दीत, चालेल असं ठरलं. जेसनसाठी स्वतंत्र ‘पार्स’ मिळालं. 2015 मध्ये मॉड्यूल आले: प्रत्येक फाइलला स्वतःचा स्कोप, बाहेर द्यायचं ते एक्स्पोर्टने जाहीर.

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाडी तीच, रूळ सलग, तरी कारभार कोणाचा कुठवर हे ठरलेलं आहे. मॉड्यूलने कोडला अशीच हद्द दिली.

म्हणून बाहेरचा कोड इम्पोर्टने आणा. मजकुरापासूनच फंक्शन बनवायचं असेल, तर ‘न्यू फंक्शन’ वापरा आणि लागेल ते पॅरामीटरमधून द्या. आसपासची स्थानिक नावं त्याला दिसत नाहीत. ग्लोबल नावं मात्र दिसतातच, त्यामुळे ज्याच्यावर विश्वास नाही त्याचा कोड यातल्या कोणत्याच वाटेने आत घेऊ नका.