जुना ड्रमसेट : दुरुस्त करावा की विकावा?

ड्रमसेट हे वाद्य म्हणून एकदा घडवले गेले, असे कधी झालेच नाही. ते जमत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात मिरवणुकीच्या बँडपथकांत मोठा ढोल एक जण वाजवी, तारांचा लहान ढोल दुसरा, झांजा तिसरा. हीच पथके नाटकगृहांत आणि नृत्यगृहांत शिरली तेव्हा जागाही कमी पडली आणि बिदागीही. मग एकाच माणसाने खुर्चीवर बसून सारे वाजवायचे, अशी तोड निघाली. १९०९ साली शिकागोत लुडविग बंधूंनी मोठ्या ढोलासाठी पायाने चालणारे चपळ पेडल बनवून विकायला सुरुवात केली. हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांसाठी एकेक वस्तू भोवती उभी राहू लागली. पायाने मिटणारी झांजांची जोडी १९२० च्या दशकात आली. कातडे दोन्ही तोंडांनी स्वरात लावता येतील असे टॉम-टॉम १९३० च्या दशकात बेनी गुडमनच्या वाद्यवृंदातील जीन क्रुपा या वादकाच्या आग्रहामुळे स्लिंगरलँड कंपनीने तयार केले.

हा तपशील केवळ रंजक नाही. एखाद्या घरातील वादक निवर्ततो, माळ्यावर चादरीखाली झाकलेला त्याचा ड्रमसेट खाली येतो, आणि आता हा नवाकोरा करून घ्यावा की विकून टाकावा, असा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो. त्यावेळी पहिली अडचण हीच असते की जे वाद्य मुळातच जमवलेले, त्याचे ‘मूळ रूप’ कोणते धरायचे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ड्रम या अडचणीचे उत्तम उदाहरण होत. धातू युद्धसाहित्यासाठी हवा होता, म्हणून अमेरिकन सरकारने वाद्याच्या एकूण वजनात धातू दहा टक्क्यांहून अधिक नसावा असे बंधन घातले. कारखान्यांनी कडी आणि कातडे ताणणाऱ्या स्क्रूंची घरे चक्क लाकडाची केली. युद्ध संपताच अनेक वादकांनी तो गरिबीचा अवशेष काढून टाकला आणि धातूचे भाग बसवले. त्या दिवसांत ती दुरुस्तीच होती, आणि शहाणपणाचीही. आज संग्राहक शोध घेतात तो नेमका त्या फेकून दिलेल्या लाकडी तुकड्यांचा.

कातड्याचेही तसेच. १९५७ पर्यंत ड्रमवर वासराचे कातडे असे. हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर धरावी लागते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना दमट हवेत हे कातडे कसे ढिले पडे ते सांगायला नको. पाश्चात्त्य वादक त्यासाठी मोठ्या ढोलाच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवीत, आणि दिवा आहेच तर शोभाही व्हावी म्हणून पुढच्या कातड्यावर निसर्गचित्रे रंगवून घेत. मग रेमो बेली प्रभृतींनी प्लॅस्टिकच्या पटलाची पाने बाजारात आणली आणि ही कटकट संपली. जुन्या ड्रमवर आज प्लॅस्टिकचे पान असणे हा दोष नव्हे. परंतु जुने कातडे कुठे अडगळीत सापडले तर ते कचऱ्यात जाऊ नये.

भारतात या वाद्याची कहाणी आणखी गुंतागुंतीची आहे. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद आला आणि जॅझ इथे रुजू लागले. १९३९ पासून सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजत राहिला. हॉटेलांतील गोमंतकीय वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांना कसे खेळवले हे जुन्या श्रोत्यांच्या कानांत अजून आहे. तालवाद्यांत कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी यांनी तर सारे घराणेच उभे केले.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी ड्रमसेट मिळणे दुरापास्त झाले, आणि जे देशात होते ते हातोहात फिरू लागले. तुटलेल्या कड्याऐवजी लोहाराकडून वाकवून घेतलेले कडे, हरवलेल्या स्क्रूच्या जागी सायकलच्या दुकानातला बोल्ट, बँडवाल्यांसाठी मेरठला बनलेला ढोल आणि त्याच्या शेजारी इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा स्नेअर, असा संसार मांडला गेला. परदेशी संग्राहकाच्या मापाने असा संच भेसळीचा ठरतो आणि त्याला किंमत कमी येते. पण टंचाईच्या काळात या देशात ड्रम कसा वाजता ठेवला गेला, याचा तो बोल्ट हाच पुरावा आहे. कंपनीच्या सूचिपत्राबरहुकूम सुटे भाग मागवून तो ‘शुद्ध’ केला तर पैसा जातो आणि पुरावाही.

किंमत कशाला येते, हे २०१५ साली अमेरिकेत झालेल्या दोन लिलावांतून दिसते. बीटल्सच्या रिंगो स्टार यांनी १९६३ साली लंडनच्या ‘ड्रम सिटी’ या दुकानातून लुडविग कंपनीचा ड्रमसेट घेतला होता. तो डिसेंबरमध्ये सुमारे २१ लाख डॉलरला गेला. जिम अर्से या उद्योगपतीने तो घेतला. आदल्याच महिन्यात त्यांनी रिंगोच्या दुसऱ्या एका ढोलाचे केवळ पुढचे पान घेतले होते, तेही सुमारे २१ लाख डॉलरलाच. १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन दूरचित्रवाणीवर सात कोटींहून अधिक लोकांनी बीटल्सला पाहिले तेव्हा हेच पान पडद्यावर होते. लाकूड आणि धातू यांचा तिथे काही संबंध नव्हता. तेव्हा घरच्या संचाला तशी किंमत येईल या आशेवर कोणी राहू नये. पण धडा घ्यायचा तर तो पानाचा घ्यावा : ज्या खुणेवरून वाद्य ओळखू येते, तीच आधी पुसून टाकण्याचा मोह नूतनीकरणात होतो.

याच्या उलट बाजूही आहे. १९६८ च्या सुमारास अल्लारखाँ यांच्यासह ध्वनिमुद्रिका काढणारे बडी रिच आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत १९४० च्या दशकातील एक स्लिंगरलँड संच वाजवीत. जो मॅकस्विनी या कारागिराने तो दुरुस्त करून दिला होता. जुने खोड, नवी डागडुजी आणि रोजची मेहनत यांत तिथे काही विरोध नव्हता, कारण वाजवणारा होता.

म्हणून घरातल्यांनी आधी वाजवणारा शोधावा. नातू असो, शेजारचा मुलगा असो, शाळेच्या बँडपथकातला एखादा विद्यार्थी असो; तो असेल तर दुरुस्ती जरूर करावी, पण उलटवता येईल अशीच. पान बदलता येते, स्क्रू बदलता येतो, गंज हलक्या हाताने पुसता येतो. खोडाला नवे छिद्र पाडले की ते कायमचे. धातूला नवा मुलामा दिला की जुना गेला. खोडावर चकाकणारे जे सेल्युलॉइडचे आवरण असते ते वर्षांनुवर्षे आकसते, पिवळे पडते आणि ज्वालाग्राहीही असते. ते ओढून काढू नये, तापवून चिकटवू तर मुळीच नये. खोडाच्या आतल्या अंगाला मात्र बॅटरीच्या उजेडात अवश्य पाहावे. काही कंपन्या तिथे तारखेचा शिक्का मारीत, आणि आतून रंग मारून घेणारा सुतार तो शिक्का दहा मिनिटांत नाहीसा करतो.

वाजवणारा नसेल तर विकण्यात कमीपणा नाही. चार पावसाळे माळ्यावर काढून वाळवी लागलेल्या ढोलापेक्षा दुसऱ्याच्या हातात वाजणारा ढोल बरा. फक्त तो अखंड विकावा. सुट्या भागांचे पैसे पुष्कळदा अधिक येतात, आणि तेवढ्यासाठी जमलेला संसार मोडला जातो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेषविषयक कायदाही पाहून घ्यावा. अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही. आणि विकण्यापूर्वी कोणत्या गावी, कोणत्या पथकात, कोणाच्या लग्नात तो वाजला, एवढे एका कागदावर लिहून, वादकाच्या एखाद्या छायाचित्रासह, तो कागद मोठ्या ढोलाच्या पोटात ठेवून द्यावा.