चिखलदरा व परिसरातील प्रेक्षणीय स्थळे : एक ऐतिहासिक पुनर्विचार

प्रस्तावना

विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून चिखलदरा सर्वपरिचित आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. अमरावतीहून परतवाडामार्गे गेल्यास हे अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे पाच हजार असली तरी पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी त्याहून कितीतरी अधिक माणसे घाट चढून येतात. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, हरिकेन पॉइंट व मोझरी पॉइंट पाहावेत, धुक्यात छायाचित्रे काढावीत, गवळ्यांचा खवा घ्यावा आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा, असा या सहलीचा रूढ क्रम आहे. गाविलगडासाठी त्यात फार तर तासभर मिळतो. वैराट अनेकदा राहूनच जाते आणि नरनाळा दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून यादीबाहेर राहतो.

पर्यटनाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र एक प्रश्न उभा राहतो. या परिसरात काय पाहावे आणि काय वगळावे, हे कोणी व केव्हा ठरविले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्देश व अभ्यासपद्धती

चिखलदऱ्याच्या रूढ इतिहासकथनाची चिकित्सा करणे, परिसरातील स्थळांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांना उपयुक्त ठरेल असा अभ्याससहलीचा आराखडा सुचविणे, हे या लेखाचे तीन उद्देश आहेत. ब्रिटिशकालीन गॅझेटियरे, यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) यांसारखे ग्रंथ आणि प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमवेत वेळोवेळी केलेली स्थळदर्शने यांचा अभ्यासासाठी आधार घेतला आहे. आज प्रचलित असलेला दर्शनक्रम हा वसाहतकालीन दृष्टीचा वारसा असून त्यामुळे या भूमीचा राजकीय व आदिवासी इतिहास नजरेआड झाला आहे, हे लेखाचे गृहीतक होय.

'शोध' या शब्दाची चिकित्सा

हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा 'शोध' लावला, हे विधान माहितीपत्रकांतून सर्रास आढळते. रॉबिन्सन येथे आला नाही असे म्हणण्याचे कारण नाही. 'शोध' हा शब्द मात्र तपासून घेणे आवश्यक आहे. चिखलदऱ्यापासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर गाविलगडाची तटबंदी सुरू होते. हा किल्ला बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल व भोसले अशा सत्तांच्या हातून गेलेला आहे. रॉबिन्सनच्या वीस वर्षे आधी इंग्रजांचीच फौज तोफांसह या पठारावर येऊन गेली होती. कोरकू व गवळी समाजाचा या डोंगरातील वावर तर त्याहूनही जुना आहे. 'गाविल' हे नाव गवळ्यांवरून आले आणि त्यांनीच येथे प्रथम मातीचा कोट बांधला, अशी परंपरा सांगितली जाते.

मग १८२३ या वर्षाचा अर्थ काय? याचे उत्तर आदल्या वर्षीच्या राजकीय घटनेत सापडते. १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा ठरली आणि भोसल्यांकडे असलेला मेळघाट व पायथ्याचा मुलूख निजामाकडे गेला. निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज वऱ्हाडात होती. ज्या डोंगरावर काल भोसल्यांचे निशाण होते, तेथे हवापालटासाठी निर्धास्तपणे जाणे आता तिच्या अधिकाऱ्यांना शक्य झाले. तथाकथित शोधापूर्वी सत्तांतर झाले होते, हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि चिखलदरा हे वऱ्हाडच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी विश्रामस्थान बनले. बंगले, बाग व कॉफीची लागवड या त्याच काळाच्या खुणा होत. दरीच्या कडेला उभे राहून दूरवरचे दृश्य न्याहाळण्याच्या जागांना इंग्रजी नावे मिळाली, तीही याच काळाची देणगी आहे.

याच्या समांतर दुसरी एक कथा आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत फेकले, म्हणून 'कीचकदरा' व त्यावरून चिखलदरा. वैराट म्हणजे विराटाची नगरी. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. विराटाचा मत्स्यदेश अभ्यासक सामान्यतः राजस्थानात मानतात, त्यामुळे या कथेस इतिहास म्हणता येणार नाही. तरीही ती टाकाऊ नव्हे. डोंगर, दरी व कुंड यांना अर्थ देऊन लोकांनी ही भूमी आपलीशी केली, याचा ती पुरावा आहे. रॉबिन्सनच्या कथेत ही भूमी कोणाचीच नव्हती असे सूचित होते, तर कीचकाच्या कथेत ती पूर्वापार लोकांची आहे.

१५ डिसेंबर १८०३

गाविलगडाचे महत्त्व समजण्यासाठी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवटचा टप्पा पाहावा लागतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. उरलेल्या पायदळाचा मोठा भाग गाविलगडाच्या आश्रयास गेला. दक्षिणेकडून, म्हणजे मैदानाकडून, हा किल्ला जवळजवळ अभेद्य होता. उत्तरेकडे मात्र पठाराची अरुंद पट्टी तटापर्यंत पोचते. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढीत, अवजड तोफा माणसांच्या बळावर ओढीत लबाडा गाव गाठले आणि उत्तरेच्या तटावर मारा सुरू केला. वेलस्ली स्वतः दक्षिणेस होता. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. आतला तट शिल्लक होता. त्यावर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावल्या आणि किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. आत कोंडलेल्या सैनिकांची मोठी प्राणहानी झाली. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि कटक, बालासोर व वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख रघुजी भोसले दुसरे यांच्या हातून गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र तहानुसार त्यांच्याकडेच राहिले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने १९९९ मध्ये गाविलगडाच्या वेढ्यावर कादंबरी लिहिली. त्यामुळे हजारो मैलांवरील वाचकाला या किल्ल्याचे नाव ठाऊक आहे. आपल्याकडे किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या पर्यटकाला १५ डिसेंबर ही तारीख आठवत नाही. १८५७ च्या उठावानंतर, किल्ला बंडकऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून, १८५८ मध्ये गाविलगड निकामी करण्यात आला. शेजारच्या पठारावर विश्रामस्थान फुलले ते किल्ला ओस पडल्यानंतर. चिखलदऱ्याची शांतता या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

दगडातील संमिश्र वारसा

फिरिश्ताच्या वृत्तांतानुसार अहमदशाह वली बहमनी याने इ. स. १४२५ च्या सुमारास अचलपूर येथील मुक्कामात गाविलगड बांधला व नरनाळ्याची डागडुजी केली. बहमनी सत्ता दुबळी झाल्यावर १४९० मध्ये वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला. त्याची इमादशाही १५७४ पर्यंत टिकली. हा फतहुल्ला मूळचा कानडी मुलखातील ब्राह्मण असून बालपणी युद्धात पकडला जाऊन मुसलमान झाला होता. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडून धरणारा दोन मुखांचा गंडभेरुंड कोरलेला दिसतो. हे चिन्ह विजयनगरच्या परंपरेशी निगडित आहे. ते वऱ्हाडातील मुसलमान राज्यकर्त्याच्या दरवाजावर यावे, याचा संबंध फतहुल्लाच्या जन्मभूमीशी जोडण्याचा मोह होतो. तो निर्णायकपणे सिद्ध करता आला नाही तरी दख्खनमधील राजवटींची विभागणी केवळ धर्मावरून करता येत नाही, हे वर्गातील तासभराच्या व्याख्यानापेक्षा हा एक दरवाजा अधिक स्पष्टपणे सांगतो.

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, शहानूरच्या माथ्यावरील नरनाळ्याचा महाकाली दरवाजा याच मालिकेतील होय. इ. स. १४८७ च्या सुमारास फतहुल्लाने पांढरट वालुकाश्मात उभारलेल्या या दरवाजावरील कमळे, सज्जे व शिलालेख यांची तोड वऱ्हाडात अन्यत्र क्वचितच आढळेल. किल्ल्यावरील तलाव आणि नऊगजी तोफ हीही आवर्जून पाहावीत. गाविलगड व नरनाळा हे एकाच संरक्षणव्यवस्थेचे दोन खांब होते आणि पायथ्याचे अचलपूर ही त्यांची राजधानी. पुढे पडलेल्या जिल्हासीमेमुळे हे नाते तुटले असून अमरावतीचा विद्यार्थी नरनाळा पाहत नाही आणि अकोल्याचा गाविलगड पाहत नाही. अचलपूरचा हौज कटोरा, तेथील दर्गा आणि जवळच बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत असलेले ५२ मंदिरांचे मुक्तागिरी हे जैन सिद्धक्षेत्रही याच नकाशात बसविले पाहिजे.

मेळघाट आणि कोरकू समाज

किल्ल्यांच्या इतिहासात राजवटी दिसतात, पण या डोंगरातील कायमचे रहिवासी दिसत नाहीत. कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील असून त्या कुळाची ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा मानली जाते. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले, सूर्य-चंद्र कोरलेले लाकडी खांब, होळीनंतर चालणारा फगवा आणि मेघनाथाचा उत्सव ही त्यांच्या स्मृतीची साधने आहेत. लिखित कागद नसलेल्या समाजाचा इतिहास अशा साधनांतूनच वाचावा लागतो.

१९७३-७४ मध्ये मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक ठरला. वनसंरक्षणाच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे होते, याविषयी दुमत नाही. तथापि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांपासून बोरी, कोहा, कुंड व पुढे इतर काही गावे गाभा क्षेत्रातून उठवून अकोट परिसराच्या सखल भागात वसविण्यात आली, हाही या भूमीच्या इतिहासाचा भाग आहे. सेमाडोह वा कोलकास येथे मुक्कामास येणाऱ्या पाहुण्याला वाघाविषयी पुष्कळ माहिती दिली जाते. त्या जंगलातून गेलेल्या गावांविषयी मात्र त्याने विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

अभ्याससहलीचा आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे तीन दिवसांची सहल सुचविता येईल. पहिल्या दिवशी अचलपूर व मुक्तागिरी पाहून चिखलदऱ्यास मुक्काम करावा. दुसरा पूर्ण दिवस गाविलगडास द्यावा. प्रथम उत्तरेकडील पठारावरून तटाची रचना समजून घ्यावी, नंतर आत शिरून दरवाजे, मशीद व तलाव पाहावेत. सायंकाळी वैराटहून सभोवतालचा प्रदेश न्याहाळावा. तेथून उत्तरेची तापी व दक्षिणेची पूर्णा अशा दोन खोऱ्यांची विभागणी नकाशावर पडताळता येते. तिसऱ्या दिवशी डोंगर उतरून अकोटमार्गे नरनाळा गाठावा आणि परतीच्या वाटेवर अडगावची रणभूमी पाहावी. दोन्ही किल्ले वनक्षेत्रात असल्याने वनविभागाचे प्रवेशनियम व वेळा आधी विचारून घ्याव्यात. हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे असून १५ डिसेंबरच्या आसपास सहल काढल्यास अधिक उत्तम.

समारोप

चिखलदऱ्याच्या विकासाची चर्चा आज प्रामुख्याने रस्ते, निवासव्यवस्था आणि सिडकोने हाती घेतलेला काचेचा आकाशमार्ग यांभोवती फिरते. स्थानिकांना रोजगार हवा आहे, त्यामुळे या योजनांना सरसकट विरोध करणे उचित नाही. परंतु आकाशमार्गावरूनही पर्यटक पाहणार ती दरीच, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याने पाहिलेलेच दृश्य. दरम्यान गाविलगडाच्या तटांत झाडांची मुळे शिरत आहेत आणि कोरीव दगड सुटून पडत आहेत. स्मारक पुरातत्त्व खात्याचे व भूमी वनखात्याची, अशा दुहेरी व्यवस्थेत निगराणीचा प्रश्न अधिकच बिकट होतो.

यात महाविद्यालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ल्यातील प्रत्येक शिल्पाची व शिलालेखाची छायाचित्रांसह नोंद ठेवणे, पुनर्वसित गावांतील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करणे आणि कोरकू विद्यार्थ्यांना या कामात मार्गदर्शकाच्या भूमिकेत आणणे, ही कामे मोठ्या निधीवाचूनही सुरू होऊ शकतात. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील इतिहास विभागांनी ती एकत्रितपणे हाती घ्यावीत. सुटलेला दगड पुन्हा बसविणे आपल्या हाती नाही, पण तो कोठे होता याची नोंद आज केली नाही तर पुढील पिढीला तेवढेही सांगता येणार नाही.