फादर हेरास आणि विजयनगरची उत्तरकथा

बंगळूरहून होसूरकडे जाताना बोम्मसंद्रा लागते. आज तेथे कारखान्यांची दाटी आहे. परंतु नावातील ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या संस्कृत शब्दाचे रूप असून, या मुलखात तो शब्द तळ्यास लावीत. तळे दिसो वा न दिसो, नावाने त्याची साक्ष राखली आहे. नोकरीनिमित्त येथे येणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस या भूमीच्या इतिहासातील १६३८ नंतरची शहाजीराजांची जहागीर तेवढी ठाऊक असते. त्यापूर्वीच्या विजयनगरच्या अंमलाकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. त्या साम्राज्याच्या पडत्या काळाचा इतिहास मुंबईत बसून एका स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूने लिहिला, हे तर थोड्यांनाच माहीत असेल.

हेन्री हेरास यांचा जन्म १८८८ साली बार्सिलोना येथे झाला. जेझुइट संघाचे हे धर्मगुरू १९२२ साली मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापक म्हणून आले. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारता त्यांनी भारताचा, असे उत्तर दिले. त्याची माहिती काय, या प्रश्नावर काहीच नाही, पण शिकेन, असे सांगितले, अशी आठवण सांगतात. १९२६ साली त्यांनी इतिहाससंशोधनाची संस्था स्थापिली. तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. कागदावाचून इतिहास नाही, ही निष्ठा दोघांचीही सारखीच होती.

१९२७ साली हेरासांचा विजयनगरच्या अरवीडु घराण्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईबरोबर विजयनगर संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः राजधानी पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर अशी हलत राहिली आणि राज्य पुढे कित्येक दशके टिकले. १५९८ पासून चंद्रगिरीस दुसऱ्या वेंकटाच्या दरबारी जेझुइट धर्मोपदेशक होते. शिलालेखांच्या जोडीस हेरासांनी त्यांची पत्रे घेतली. एका अर्थी तेही दूरदेशी नेमणुकीवर पाठविलेले अधिकारीच. वरिष्ठांस अहवाल धाडणे हे त्यांचे नित्यकर्म. धर्मप्रसाराच्या हिशेबासाठी लिहिलेल्या त्या पत्रांतून राजा, दरबार आणि वारसाहक्काचे तंटे यांचा वृत्तांत सापडला.

मात्र धर्मगुरूने धर्मसंस्थेचा इतिहास लिहावा, यात एक कसोटी आहे. भारतातील जेझुइटांच्या धर्मांतरविषयक धोरणावर हेरासांनी १९३३ साली पुस्तक लिहिले, आणि तेथे ते आपल्या संघाचा कैवार घेताना दिसतात. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, धर्मन्यायसभा चालली. तिची कठोर बाजू अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात मांडली. आमच्या मते अभ्यासकाने दोन्ही ग्रंथ समोर ठेवावेत. हेरासांची श्रद्धा त्यांच्या लेखनात लपलेली नाही. म्हणूनच तिचे वजन वजा करून त्यांचे पुरावे तपासता येतात. पक्षपात उघड असला तर वाचक सावध राहतो. निःपक्षपातीपणाचा आव आणणारा लेखक अधिक फसवतो.

या भूमीशी त्यांचे नाते केवळ ग्रंथांपुरते नव्हते. ख्रिस्ती चित्रकलेने भारतीय रूप धारण करावे, असा त्यांचा आग्रह होता; आंजेलो द फोन्सेका या चित्रकारास त्यांनी उत्तेजन दिले. सिंधू लिपीची भाषा द्राविडी कुळातली आहे, हे मत त्यांनी १९५३ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. त्यांचे वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. परंतु द्राविडी भाषेची कल्पना पुढे आस्को पारपोला आणि इरावतम् महादेवन् यांनी आपापल्या पद्धतीने पुढे नेली.

१४ डिसेंबर १९५५ रोजी हेरास मुंबईतच वारले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. आम्ही सारे टिपणे आणि अहवाल लिहिण्यात आयुष्य वेचणारी माणसे. चंद्रगिरीच्या त्या पत्रलेखकांना आपण इतिहास लिहीत आहोत, याची जाणीव नसावी. आमच्या दप्तरातला एखादा कागदही तीनशे वर्षांनी कोणा परक्या अभ्यासकाच्या हाती पडेल. तो खरा उतरावा, एवढी काळजी आज घेणे आमच्या हाती आहे.