ठाण्याच्या राजाचा आत्मविचार

शिलाहार म्हटले की कल्याण-डोंबिवलीकरांना आठवते ते अंबरनाथचे शिवमंदिर. मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. पण याच घराण्याने मागे ठेवलेला एक ग्रंथ मात्र आपल्या फारसा स्मरणात नाही. श्रीस्थानक, म्हणजेच आपले ठाणे, ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे राज्य करणाऱ्या पहिल्या अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची ‘अपरार्क’ ही विस्तृत टीका आहे.

याज्ञवल्क्यस्मृती हा व्यवहाराचा ग्रंथ. कर्ज, वारसा, साक्षीपुरावे यांचे नियम त्यात आहेत. अशा ग्रंथात आत्म्याचे काय काम? ही चर्चा येते ती प्रायश्चित्ताच्या अध्यायात, आणि त्यातच उत्तर आहे. कर्ज काढणारा आणि फेडणारा एकच असावा लागतो. कर्म करणारा टिकून राहिला नाही, तर फळ भोगायचे कोणी?

स्मृतिकार त्यासाठी पुरावेही देतो, तेही रोजच्या अनुभवातले. एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्या डोळ्यालाही ओळखता येते. एकदा ऐकलेला आवाज पुन्हा कानी पडला की ओळखू येतो. गेल्या गोष्टी आठवतात, स्वप्ने पडतात. मग हे सारे जोडणारा कोणी एक नको का?

तो आहे, तर आपल्याला उमगत का नाही? मळलेल्या आरशात चेहरा दिसत नाही. काकडी कच्ची असते तोवर तिची गोडी लागत नाही. तसेच मन आणि इंद्रिये परिपक्व झाल्याशिवाय आत्मा कळत नाही. तो एकच असून अनेक भासतो, जसे एकच आकाश अनेक घटांत.

याच अपरादित्याचा दूत तेजकंठ काश्मीरमधील विद्वानांच्या सभेत उपस्थित असल्याचे मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात नमूद आहे. पुढे काश्मिरी पंडितांत या टीकेला मोठा मान मिळाला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०३-०४ मध्ये ती छापली.

या प्रकरणाचा शेवट तुमच्या-आमच्यासाठी आहे. न्यायाने धन मिळवणारा, खरे बोलणारा, अतिथीचा आदर करणारा, श्राद्ध करणारा आणि तत्त्वज्ञानाची ओढ असलेला गृहस्थही मुक्त होतो, असे स्मृती सांगते. आत्मज्ञानासाठी घर सोडलेच पाहिजे असे नाही. घरातला व्यवहार मात्र चोख हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)