दप्तरांतला अँटोनिओ

आपला मूळपुरुष शूर किंवा विद्वान् निघावा अशी कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याची आशा असते. दप्तरें असल्या आशेची पर्वा करीत नाहींत. सतराव्या शतकांत अमेरिकेंतील इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतींत राहिलेल्या अँथनी जॉन्सन ह्या आफ्रिकी माणसाचेंच चरित्र पाहा. जेथें जेथें सरकारशीं त्याचा संबंध आला, तेवढ्याच ठिकाणीं तो आपणांस दिसतो.

1625 च्या आरंभीं वसाहतीची शिरगणती झाली. तींत बेनेट नांवाच्या मळेवाल्याच्या माणसांत ‘अँटोनिओ, नीग्रो, जेम्स जहाज, 1621’ एवढीच नोंद आहे. आडनांव नाहीं. 1622 सालीं दुसऱ्या जहाजानें आलेली मेरी नांवाची एक आफ्रिकी स्त्रीहि त्याच यादींत आहे. 22 मार्च 1622 रोजीं तेथील मूळच्या रहिवाशांनीं केलेल्या हल्ल्यांत ह्या मळ्यावर 52 माणसें मारलीं गेलीं, अँटोनिओ वांचला. पुढें कित्येक वर्षें जवळजवळ अंधार. मग 1651 सालीं, वसाहतींत आणलेल्या दर माणसामागें 50 एकर ह्या नियमानें, पांच माणसांबद्दल अँथनी जॉन्सनच्या नांवें 250 एकर जमीन लागली.

हा जॉन्सन तोच अँटोनिओ कशावरून? खरी गांठ येथेंच आहे, आणि ती एका आगीनें सुटते. 1653 च्या आरंभीं जॉन्सनचें मोठें नुकसान झालें, म्हणून कोर्टानें त्याची बायको मेरी व दोन मुली ह्यांस जन्मभर कर माफ केला. हीं नवराबायको तीस वर्षांहून अधिक काळ वसाहतींत राहत आहेत, असें हुकुमांत कारण दिलें. तीस वर्षें मागें जावें तर आपण 1622 च्या सुमारास येतों, आणि 1625 च्या गणतींत आफ्रिकी माणसें पंचविसांच्या आंतच होतीं. मूळ कागदावर मात्र साल 1652 आहे. इंग्रजांचें वर्ष 1752 पर्यंत 25 मार्चला सुरू होई. घाईचा संशोधक येथें हमखास फसतो.

ह्यापुढची नोंद वंशजास आवडणारी नाहीं. जॉन केसर नांवाच्या आफ्रिकी नोकरानें, माझ्या कराराची मुदत संपली, असें म्हणून शेजाऱ्याचा आश्रय घेतला. जॉन्सन कोर्टांत गेला, आणि 1655 सालीं कोर्टानें केसरला त्याच्याच हवालीं केलें. स्वतः दास्यांतून वर आलेल्या माणसानें दुसऱ्यास जन्मभर बांधून ठेवलें. चरित्रकारानें हें पान झांकूं नये.

1660 नंतर कुटुंब मेरीलंडांत गेलें. तेथें 1670 सालीं अँथनी वारला. त्याच वर्षीं व्हर्जिनियांतील पंचांनीं निकाल दिला कीं, तो नीग्रो व म्हणून परका, सबब त्याची तेथील जमीन सरकारजमा व्हावी. ज्या कोर्टांनीं एकदां त्याचे दीर्घ वास्तव्य मानून कर माफ केला, त्यांच्याच प्रदेशांत एवढ्या वर्षांच्या रहिवासाचें मोल शून्य ठरलें. मधल्या काळांत माणूस तोच होता, कायदा बदलत चालला होता.

तो आफ्रिकेच्या कोणत्या भागांतून आला, हें शिरगणतींत नाहीं. परंतु 1677 सालीं त्याचा नातू जॉन ह्यानें मेरीलंडांत 44 एकर विकत घेतले, आणि त्या शेतास ‘अंगोला’ असें नांव दिलें.