बर्फाची बोट आणि नीरेचा कालवा

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. पालखीभोवती मेंढरे धावतात. जनावरांवरची रोगराई टळावी, ही धनगरांची त्यामागची श्रद्धा. पुढे सणसर, बेलवाडी मागे टाकत पालखी लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे जाते. या वाटेच्या दुतर्फा आज ऊस उभा असतो. मेंढीला पालखीपुढे मान आहे, पण तिला चरायला माळ उरला आहे तो कालव्याच्या पाण्यापलीकडे. मेंढीचे मोल कोण ठरवतो, हा प्रश्न या मुलखात दीडशे वर्षांपासून आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी १८८०च्या दशकात जावे लागते आणि नीरेकाठाबरोबरच थेट न्यूझीलंडकडेही पाहावे लागते.

१८७६-७७च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. त्यानंतर सरकारने नीरा डाव्या कालव्याचे काम नेटाने पुढे नेले आणि १८८०च्या दशकात पाणी बारामती-इंदापूरकडे वळले. भाटघरच्या धरणाने त्या पाण्याला आधार दिला. पुढे सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यांच्या पट्ट्यात खंडाने जमिनी करू लागले, ऊस वाढला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी लासुर्ण्याजवळच्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, तेच आजचे वालचंदनगर. नंतर भवानीनगरचा छत्रपती सहकारी कारखाना आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही भरभराटच होती.

मेंढपाळाचा हिशेब वेगळा होता. जिरायती मुलखात ज्वारी-बाजरी निघाली की रान मोकळे होई. शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढ्या बसवी. खताच्या मोबदल्यात धान्य मिळे आणि मेंढरांना धसकटे, पाला मिळे. ऊस मात्र बारमाही. तो रान मोकळे सोडत नाही. त्यामुळे एकीकडे चराई गेली आणि दुसरीकडे खताच्या बदल्यात मिळणारे धान्यही आटले. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे, ही वाटचाल अनेक वाड्यांना आजही चुकलेली नाही.

नीरेचे पाणी इकडे येत होते, त्याच काळात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मेंढपाळीचे भाग्य उलट दिशेने फिरत होते. तिथे मेंढ्या होत्या त्या लोकरीसाठी. मांस खायला माणसेच नव्हती. म्हाताऱ्या मेंढ्या चरबीसाठी उकळायच्या किंवा टाकून द्यायच्या. लंडनमध्ये गिऱ्हाईक होते, पण मधे तीन महिन्यांचा समुद्र आणि विषुववृत्ताचा उन्हाळा होता. १८७९च्या अखेरीस ‘स्ट्रॅथलेव्हन’ ही आगबोट ऑस्ट्रेलियातून गोठवलेले मांस घेऊन निघाली आणि १८८०च्या फेब्रुवारीत ते लंडनला सुखरूप पोहोचले. तो धडा घेऊन विल्यम सॉल्टाऊ डेव्हिडसन आणि थॉमस ब्रायडन यांनी ‘ड्युनेडिन’ या शिडाच्या जहाजात गारव्याचे यंत्र बसवले. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी पोर्ट चामर्सहून निघालेले हे जहाज ९८ दिवसांनी लंडनला लागले. पोटात सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांची धडे होती. उष्ण कटिबंधात थंड हवा नीट खेळेना, तेव्हा कप्तान व्हिट्सन स्वतः हवेच्या नळात शिरला आणि त्याने भोके पाडली. तो आत गारठून निपचित झाला. पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढावे लागले. सगळ्या मालातले एकच धड खराब निघाले आणि कंपनीला ४,७०० पौंड नफा झाला.

बर्फाने मांस टिकवले, एवढेच सांगून हा इतिहास संपत नाही. बर्फाने किंमत ठरवण्याची पद्धत बदलली. जिवंत जनावर विकणाऱ्याला घाई असते. चारा संपला की विकावेच लागते. गोठवलेले धड महिनोन्‌महिने थांबू शकते. पण थांबू शकणारा माल ज्याच्या कोठारात, भाव त्याचा. शिवाय दूरच्या गिऱ्हाइकाला जनावर डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून वजन, चरबी आणि वय यांच्या ठरावीक प्रती लागतात. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला आजही धडाच्या किलोमागे, प्रतवारीनुसार आधी जाहीर झालेला दर मिळतो.

हा दर बाजारापेक्षा राजकारणानेही ठरला. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सरकारने न्यूझीलंडचे निर्यातीचे मांस ठोक खरेदीने घेतले. दुसऱ्या वेळी ही व्यवस्था १९३९पासून १९५४पर्यंत चालली. १९७३मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि हक्काचे गिऱ्हाईक दुरावू लागले. पुढे युरोपात जाणाऱ्या मांसावर वार्षिक मर्यादा आली; अनेक वर्षे ती २,२८,२५४ टनांची होती. १९८४नंतर न्यूझीलंडने शेतीची अनुदाने काढून घेतली. १९८२मध्ये तिथे सात कोटींवर मेंढ्या होत्या, आज त्याच्या साधारण तिसरा हिस्सा उरल्या आहेत. मांसाचे उत्पादन मात्र त्या प्रमाणात घटले नाही. मेंढीमागे कोकरे वाढली, कोकराचे वजन वाढले. आज त्या मांसाचे वजनाने सर्वांत मोठे गिऱ्हाईक लंडन नसून चीन आहे.

आता आपल्याकडे पाहू. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. म्हणजे न्यूझीलंडच्या ऐन भरभराटीत होत्या त्याहून अधिक मेंढ्या आज आपल्याकडे आहेत. तरी २०२२-२३मध्ये भारतातून शेळी-मेंढीच्या मांसाची निर्यात झाली ती सुमारे साडेनऊ हजार टन, किंमत सुमारे ५३७ कोटी रुपये. भागाकार केला तर किलोला ५६० रुपयांच्या आसपास पडतात. हा माल मुख्यतः आखाती देशांत जातो आणि बराचसा गोठवलेला नसून फक्त थंड केलेला असतो. पूर्ण धड विमानाने जाते आणि थोड्या दिवसांत खपते. आपण तिथे विकतो तो ताजेपणा. ही जमेची बाजू खरी, पण विमानाचे भाडे आणि मालाचे अल्पायुष्य यांमुळे थांबण्याची ताकद आपल्या विक्रेत्याकडे येत नाही.

लासुर्ण्याच्या परिसरातल्या मेंढपाळाकडे तर ती मुळीच नसते. त्याचे कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की बाजारात जाते, नगावर विकले जाते, वजन अंदाजाने ठरते. आखाडात आणि बकरी ईदला भाव चढतो, श्रावणात मटणाची दुकाने ओस पडतात. बर्फाला श्रावण माहीत नसतो; वाड्यावरच्या माणसाला तो चांगलाच माहीत असतो. दवाखाना, लग्न, पोरांची फी यांपैकी काही निघाले की कोकरू विकावे लागते, आणि समोरच्या व्यापाऱ्याला ही निकड कळते. लोकरीचा आधार कधीच गेला. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातरणीचा खर्चही भागवत नाही. उरले ते मांस.

म्हणून निर्यातीचा प्रश्न इथे चैनीचा नाही. काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या शारजाला गेल्या. जून २०१८मध्ये नागपूरहूनही असेच विमान जाणार होते. धनगर समाजाचे उत्पन्न वाढावे म्हणून राज्यसभेचे तत्कालीन खासदार विकास महात्मे यांचा त्यात पुढाकार होता. जैन समाजातून विरोध झाला आणि कार्यक्रम थांबला. जीवदयेचा आग्रह आणि मेंढपाळाची भाकरी हे दोन्ही प्रश्न तेव्हा समोरासमोर आले. जिवंत जनावराच्या लांबच्या प्रवासावरचा आक्षेप तर प्राणीप्रेमी जगभर घेतात. पण या वादात एक गोष्ट मागे पडली. जनावर जिवंत पाठवावे लागते, कारण जवळपास स्वच्छ कत्तलखाना आणि शीतगृह नसते. आणि जिवंत पाठवले की किमतीतला मोठा वाटा परदेशी जातो.

२९ डिसेंबर २०२२ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार अमलात आला आणि ऑस्ट्रेलियन मेंढीच्या मांसावरचे ३० टक्के आयात शुल्क त्याच दिवशी शून्यावर आले. हे मांस मोठ्या हॉटेलांत जाते; गावच्या खाटकाच्या दुकानासमोरची रविवारची रांग त्याने हटणार नाही. आपल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर कापलेले मटण हवे असते. मेंढपाळाचे आजचे खरे संरक्षण ही सवयच आहे, शुल्क नव्हे. मात्र शहरातल्या सवयी बदलायला एक पिढी पुरते.

या इतिहासात एक धागा नीरेपलीकडच्या फलटणला जोडलेला आहे. १७९०च्या दशकात बंगालमधून काही लहानखुऱ्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. त्यांच्यातला जुळ्या-तिळ्यांचा गुण पुढे तिथल्या बुरूला मेरिनोत प्रसिद्ध झाला. २००१मध्ये त्यामागचे जनुक नेमके सापडले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या त्याच गरोळ मेंढीचा गुण दख्खनीत उतरवून ‘सुवर्णा’ हा प्रकार घडवला. या कामात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचीही साथ होती. जुळी कोकरे म्हणजे तेवढ्याच मेंढ्यांतून अधिक मांस; न्यूझीलंडला तारणारा उपाय हाच. पण जुळ्यांना दूध लागते, दुधाला चारा लागतो, आणि चाऱ्याला माळ.

ड्युनेडिनच्या मालकांना आणि नीरेच्या कालव्याच्या सरकारला एकच साम्राज्य पाठीशी होते. एका ठिकाणी गवताला बाजार मिळाला, दुसऱ्या ठिकाणी गवताच्या जागी ऊस आला. ते उलटवता येणार नाही, आणि उलटवावे असे लासुर्ण्यात कोणी म्हणणारही नाही. पण इंदापूर तालुक्यात कडबनवाडीसारखी माळराने अजून आहेत. तिथे चिंकारा आणि लांडगे राहतात आणि मेंढ्याही चरत आल्या आहेत. ती टिकली, बाजारात काटा आला आणि तालुक्याला एखादे शीतगृह मिळाले, तर मेंढपाळाला निदान श्रावण सरेपर्यंत थांबता येईल. किंमत ठरवण्याचा अधिकार म्हणजे शेवटी थांबता येणे. लंडनच्या बाजाराने ते १८८२मध्ये ओळखले होते.