लेव्हल आणि गियर : एक प्रस्तावना

अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग खेळांत नव्याने उतरणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो : लेव्हल लवकर कशी वाढवायची? प्रश्न स्वाभाविक आहे. अनुभवाची पट्टी डोळ्यांदेखत भरत असते, ती भरली की नवे गुण हाती येतात आणि आपण बलवान झालो असे वाटते. पण या खेळप्रकाराचा थोडा निगुतीने अभ्यास केला की दिसते, लेव्हल ही यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. राक्षस मारत राहिले की ती येतेच. आपोआप येत नाही ती जमिनीवर पडलेल्या पन्नास वस्तूंतून आपल्या कामाची एक ओळखण्याची नजर. या प्रस्तावनेचा रोख त्या नजरेवर आहे.

उदाहरणासाठी डायाब्लो २ हा खेळ निवडला आहे. तो २००० साली आला, ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ ही त्याची पुरवणी २००१ मध्ये आली आणि ‘रिसरेक्टेड’ ही नव्या चित्रांची आवृत्ती २०२१ मध्ये. इतक्या वर्षांत खेळाडूंनी त्याचे जवळजवळ प्रत्येक सूत्र उकलून मांडले आहे, त्यामुळे अभ्यासाला अंदाजावर विसंबावे लागत नाही. शिवाय या प्रकारातल्या पुढच्या बहुतेक खेळांचा पाया इथे सापडतो. त्याची पूर्वपीठिकाही जाणून घेण्याजोगी आहे. १९८०च्या ‘रोग’ या अक्षरचिन्हांनी रेखाटलेल्या खेळात दर वेळी नवे भुयार तयार होई. त्या परंपरेवर वाढलेल्या डेव्हिड ब्रेविक यांनी शेफर बंधूंबरोबर पहिला डायाब्लो घडवला. मूळ आराखड्यात तो पाळीपाळीने खेळायचा होता. ब्लिझार्ड कंपनीने तो सलग, प्रत्यक्ष वेळेत चालणारा करण्याचा आग्रह धरला आणि ब्रेविक तयार झाले. भुयार आणि वस्तू यदृच्छेने घडायच्या, पण हात मात्र त्या क्षणी चालवायचा, हे मिश्रण तिथे जमले आणि एक नवा प्रकार जन्माला आला. नवख्याला पडणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या मिश्रणात आहे. लढाई त्याला दिसते, वस्तूंचे गणित दिसत नाही.

आधी लेव्हलबद्दल जे सांगायचे ते सांगून टाकतो. प्रत्येक लेव्हलला पाच गुणांक आणि एक कौशल्यगुण मिळतो. लेव्हलची कमाल मर्यादा ९९. तीन अडचणी म्हणजे नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल मिळून मोहिमांमधून आणखी १२ कौशल्यगुण मिळतात, तेव्हा कुठल्याही पात्राच्या आयुष्यभराची पुंजी ११०. एका कौशल्यात जास्तीत जास्त २० गुण घालता येतात, म्हणजे उभ्या आयुष्यात पुरती पाच कौशल्ये आणि वर थोडेसे. नवखा खेळाडू सगळे थोडेथोडे चाखून पाहतो आणि तिसाव्या लेव्हलला त्याच्याकडे दहा दुबळी कौशल्ये असतात. २००३ मधल्या १.१० या सुधारणेनंतर तर हे फारच महाग पडू लागले, कारण तेव्हापासून कौशल्ये एकमेकांना बळ देतात. सॉर्सरेस या जादूगार पात्राचे ‘ब्लिझार्ड’ हे कौशल्य लेव्हल २४ला मिळते, पण त्याची धार आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक यांत घातलेल्या गुणांनी वाढते. ही चार कौशल्ये मिळून ८० गुण खातात. म्हणून एक मुख्य हल्ला निवडावा आणि त्याच्या सोबत्यांना पोसावे. चुकले तरी हरकत नाही. २०१०पासून खेळातली अकारा प्रत्येक अडचणीत एकदा सगळे गुण परत देते, फक्त पहिली मोहीम, ‘डेन ऑफ ईव्हिल’, पुरी केलेली हवी.

गुणांकांचा नियम त्याहून सरळ आहे. अंगावरचे साहित्य पेलण्यापुरते बळ, ढाल किंवा शस्त्र मागेल तेवढी चपळता, आणि उरलेले सगळे प्राणशक्तीत. एनर्जीत गुण घालण्याचा मोह जादूगार पात्रांना होतो, तो टाळावा. जादूचा साठा साहित्यातून आणि औषधांतून भरतो. जीव मात्र हवा त्या क्षणी असावा लागतो.

आता साहित्याकडे. वस्तूंची नावे रंगांत येतात : पांढरी साधी, निळी जादूची, पिवळी दुर्मीळ, हिरवी संचातली, सोनेरी एकमेवाद्वितीय. रंग पाहून किंमत ठरवण्याची सवय पहिल्याच दिवशी लागते आणि ती सोडायला फार वेळ जातो. निळ्या वस्तूवर जास्तीत जास्त दोन गुणधर्म असतात, एक नावाच्या आधीचा आणि एक नंतरचा. पिवळीवर तीन आणि तीन, असे सहापर्यंत जातात. पण हे सहा गुणधर्म यदृच्छेने येतात, आणि ती वस्तू ज्या राक्षसाकडून पडली त्याची लेव्हल कमी असेल तर बळकट गुणधर्म तिच्यावर येऊच शकत नाहीत. खेळाच्या पहिल्या अंकातल्या पिवळ्या चिलखतावर ‘ऑफ द जॅकल’ असेल, तर त्याने फार तर पाच जीव वाढतो. त्याच्या शेजारी पडलेले दोन खाचांचे साधे चिलखत मात्र सोने ठरू शकते.

ते कसे, हे जरा जवळून पाहू. ब्लॅक मार्शमध्ये एक पडका मनोरा आहे. त्याच्या तळघरात पाच मजले खाली काउंटेस राहते आणि ती मेली की बहुधा रून, म्हणजे साहित्याच्या खाचांत बसवायचे दगड, टाकते. नॉर्मलमध्ये तिच्याकडून एल ते राल एवढेच रून मिळतात, पण नवख्याला तेवढे पुरतात. त्यांतले टाल आणि एथ हे दोन, याच क्रमाने, नेमक्या दोन खाचांच्या आणि जादू नसलेल्या चिलखतात बसवले की ‘स्टेल्थ’ तयार होते. लेव्हल १७ला ते अंगावर चढते. चालण्याचा वेग २५ टक्क्यांनी वाढतो, मंत्र म्हणण्याचा वेग २५ टक्क्यांनी वाढतो, फटका बसल्यावर सावरण्याचा वेग तेवढाच वाढतो. त्या वयाच्या पात्राला मिळणाऱ्या बहुतेक पिवळ्या चिलखतांपेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे. आणि ते नशिबाने मिळत नाही, नियम ठाऊक असलेल्याला मिळते.

मंत्राच्या वेगात आणखी एक बारकावा आहे. खेळ सेकंदाला २५ चौकटींनी चालतो आणि सॉर्सरेसला ब्लिझार्डसारखा मंत्र टाकायला १३ चौकटी लागतात. वेगाचे टक्के सलग मोजले जात नाहीत. ९, २०, ३७, ६३ असे टप्पे आहेत आणि टप्पा ओलांडला तरच एक चौकट वाचते. स्टेल्थचे २५ टक्के तिला दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ११ चौकटींवर आणतात. आता समजा ‘ऑफ द अप्रेंटिस’ ही १० टक्के वेगाची अंगठी सापडली. बेरीज ३५. सॉर्सरेस होती तिथेच राहते, अंगठीच्या त्या गुणाचा तिला काडीचाही उपयोग नाही. तशीच दुसरी अंगठी सापडली तर बेरीज ४५ आणि मंत्र १० चौकटींत. एकच अंगठी एका क्षणी निरुपयोगी आणि दुसऱ्या क्षणी मौल्यवान ठरते, ते बाकीचे अंगावर काय आहे त्यावरून. वस्तूची किंमत वस्तूत नसते. या शास्त्रातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो समजलेला खेळाडू मला कुठल्याही ९० लेव्हलच्या पात्रापेक्षा अधिक जाणता वाटतो.

मग पाहायचे काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठाम आहे : प्रतिकार. अग्नी, शीत, वीज आणि विष या चार माऱ्यांविरुद्धची टक्केवारी. चिलखतावरचा डिफेन्सचा मोठा आकडा सगळ्यांना भुलवतो, पण तो फक्त शारीरिक वार लागण्याची शक्यता कमी करतो. आगीचा लोळ किंवा विजेचा फटका त्याला जुमानत नाही. प्रतिकाराची कमाल साधारणपणे ७५ टक्के आहे. नाइटमेअरमध्ये गेल्यावर खेळ चारही प्रतिकारांतून ४० वजा करतो आणि हेलमध्ये एकूण १००. नॉर्मलमध्ये प्रतिकाराकडे ढुंकूनही न पाहिलेले पात्र हेलमध्ये उणे शंभरावर पोहोचते. तिथे विजेच्या माऱ्याने ज्याला ७५ टक्के प्रतिकार आहे त्याचे १०० जातात, तर याचे ८००. आठपट! पुष्कळ खेळाडू इथे खेळ सोडतात आणि तो अन्यायकारक आहे असे म्हणतात. खेळ अन्यायकारक नाही. पहिल्या दिवसापासून तो हे आकडे पात्राच्या पानावर दाखवत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. वरच्या टोकाकडे प्रतिकार अधिक मोलाचा होतो. शून्यावरून २५वर गेल्याने मारा पाऊण होतो, पण ५०वरून ७५वर गेल्याने तो थेट निम्मा होतो. ६० टक्क्यांवर ‘पुरे आता’ म्हणून थांबू नये ते यासाठी.

हेलमध्ये ७५ गाठायचे तर सगळा विचार आधी करावा लागतो. पाचव्या अंकात ‘अन्या’ या कैदेतल्या स्त्रीला सोडवले की प्रत्येक अडचणीत चारही प्रतिकार १०ने कायमचे वाढतात. म्हणजे हेलच्या दारात उणे ८०, आणि उरलेले १५५ साहित्यातून. ढाल इथे सर्वांत कामाला येते. त्याच अंकात पंधरा कैदी सैनिकांची सुटका केली की क्वाल-केहक टाल, राल आणि ऑर्ट हे तीन रून बक्षीस देतो. तीन खाचांच्या साध्या ढालीत ते राल, ऑर्ट, टाल या क्रमाने बसवले की ‘एन्शंट्स प्लेज’ होते आणि चारही प्रतिकार चाळीसहून अधिक वाढतात. खेळाच्या कर्त्यांनी नवख्याच्या हातात नेमकी गरजेची वस्तू अशी ठेवून दिली आहे. बहुतेक जण ते तीन रून पेटीत टाकून विसरतात.

हेलमधले काही राक्षस एखाद्या माऱ्याला मुळीच दाद देत नाहीत, म्हणून दुसऱ्या माऱ्याची किंवा भाडोत्री सोबत्याच्या शस्त्राची सोय करून ठेवावी. त्या सोबत्यालाही चांगले शिरस्त्राण, चिलखत, शस्त्र द्यावे. तो मेला की लढाई अर्धी हरलेली असते.

हे सगळे एका खेळापुरते नाही. न्यूझीलंडमधल्या ग्राइंडिंग गियर गेम्सचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ २०१३ साली आला, त्याचे कौशल्यवृक्ष पाहून नवख्याला घेरी येते. पण तिथेही प्रतिकाराची कमाल ७५ टक्के आहे, पाचव्या अंकानंतर ३० आणि दहाव्यानंतर आणखी ३० वजा होतात. डायाब्लो २ ज्याने डोळसपणे खेळला आहे, त्याला तिथे काय करायचे हे सांगावे लागत नाही.

वाचकाला एक विनंती. पुढच्या प्रकरणांत टप्प्यांची कोष्टके, रूनच्या जोड्या आणि प्रत्येक पात्राच्या तयार रचना दिल्या आहेत. पहिले पात्र मात्र त्यांच्याशिवाय नॉर्मलच्या शेवटापर्यंत न्या. प्रत्येक वस्तूवरची प्रत्येक ओळ वाचा, आणि ती तुमच्या पात्राला का हवी किंवा का नको, हे ठरवूनच पुढे जा. गुण परत घेण्याची सोय आहे, तेव्हा बिघडण्याची भीती नको. नाइटमेअरच्या दारात उभे राहिलात की पात्राचे पान उघडा, चारही प्रतिकार पाहा, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.